आबांचं गोळीचं मशीन

माझे सासरे सावळाराम, म्हणजे आमचे आबा, तरुणपणी पुण्यात एका क्लबात कामाला होते. तिथल्या खेळाच्या खोलीत एक पिनबॉलचं मशीन होतं. काचेखाली उतरता रंगीत पाट, त्यावर घरंगळणारी लोखंडी गोळी, आणि ती परत वर फटकारायला बटणावर उडणारी दोन पाती. पुढं आबा निरवांगीला परत आले, पेरूची बाग लावली. पण त्या मशीनची गोष्ट ते जेवताना सांगायचेच. गेल्या वर्षी क्लबानं ती खोली मोडली, तेव्हा जुन्या ओळखीनं मशीन आबांना मिळालं. पेरू उतरवून रिकामा झालेला टेम्पो ते घेऊन घरी आला.

पिन लावली की फ्यूज उडायचा. गावातल्या वायरमननं फ्यूजच्या जागी जाड तार पिळून दिली. मग मशीनमधून जळका वास आला आणि आबांनी घाबरून वायरच उपटली. त्यानंतर त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि गोष्ट सांगायचं बंद केलं. मला ते बघवेना.

मोनाली माझी कॉलेजातली मैत्रीण. माहेर पिंपळीचं, आता बारामतीत पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिला फोन केला, तर रविवारी सकाळीच स्कूटीवरून हजर.

झाकण उघडून तिनं आधी ती तार काढली.

"पोरी, तार ऱ्हाऊ दे की. फ्यूज सारखा उडतुय," आबा म्हणाले.

"आबा, फ्यूज उडतो म्हणून तर मशीन वाचलंय. तो ओरडून सांगतोय आत काहीतरी बिघडलंय, आणि आपण त्याचंच तोंड बांधलं."

आबांना ते पटलं. ते स्टूल घेऊन शेजारीच बसले.

तिनं एक साधा पिवळा बल्ब मशीनकडे येणाऱ्या विजेच्या वाटेत जोडला. आत शॉर्ट असेल तर वीज बल्बातच अडकेल, बल्ब भगभगीत पेटेल, आणि बाकी काही जळणार नाही. बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. मग ट्रान्सफॉर्मरकडून पुढं जाणाऱ्या सगळ्या वायरी तिनं सोडवल्या. बल्ब मंदावला.

"ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे," ती म्हणाली, आणि आबांचा चेहरा जरा उजळला.

एकेक वायर परत जोडत गेली. एका वायरीला बल्ब पुन्हा भडकला. तिथं काळा चौकोनी भाग होता, विजेला एकाच दिशेनं वळवणारा. तो आतून जळाला होता. फोनवर लक्षणं ऐकून नेहमी बिघडणारे सुटे भाग तिनं बरोबर आणलेच होते. त्यातला नवा बसवला, योग्य फ्यूज घातला, आणि मशीन लागलं! लाल, पिवळे, निळे दिवे. आबा उठून उभेच राहिले.

पण दोन्ही पाती एकदम उडवली की सगळं विझायचं आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

"कंडेन्सर गेला आसंल, मोटरीचा जातुय तसा," आबा म्हणाले.

"मलाही तसंच वाटतंय, आबा."

मशीन बंद करून, आत साठलेली वीज नीट उतरवून तिनं कंडेन्सर बदलला. पुन्हा पाती उडवली. पुन्हा अंधार. मला वाटलं, आता ही वैतागणार. ती मात्र जमिनीवर मांडी घालून बसली.

"माझा अंदाज चुकला. निकिता, चहा टाक. आबा, तुम्ही बटणं दाबा. मी मीटर बघते."

आबांनी दाबलं. सप्लायच्या टोकाला व्होल्टेज पूर्ण होतं. आतल्या सर्किट बोर्डावर पोचेपर्यंत ते खाली यायचं. म्हणजे चोर वाटेतच होता. तिनं जोडणीचा सॉकेट ओढून काढला आणि उन्हात धरला. एक पिन तपकिरी पडली होती, तिच्याभोवतीचं प्लास्टिक करपलं होतं.

"हे बघा. दिवे लावण्यापुरती वीज जात होती. पात्यांनी जास्त ओढली की इथंच गुदमरायची."

नवी पिन, नवा सॉकेट, थोडं सोल्डरिंग. तोवर चहा गार झाला होता.

या वेळी आबांनी दोन्ही बटणं जोरात दाबली. पाती खाडकन उडाली. दिवे तसेच. पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. मग गोळी सोडली, आणि मी त्यांना कधी न पाहिलेल्या चपळाईनं खेळताना पाहिलं. खांदे पुढं, नजर काचेवर, बोटं अगदी वेळेवर. घंटा वाजत होत्या, आकडे चढत होते. मोनाली तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"आबा, तुम्ही तर उस्ताद निघालात!"

"म्या रोज खेळायचो, सायब लोक जेवाया गेलं की," आबा हसले. "पर तुझ्यावानी माणूस न्हाय बघितलं, पोरी. चुकलं तर चुकलं म्हणलीस, अन् बसलीस की पुन्यांदा शोधत. ये, आता तू खेळ."

मोनालीची पहिली गोळी सरळ खाली गेली. दुसरीही.

"घाई नगं करू," आबा तिच्यामागं उभं राहून म्हणाले. "गोळी पात्यावर येऊ दे आधी."