शेपटीचं दुसरं टोक

सूट चढवायला पंचावन्न मिनिटं लागत आणि उतरवायला नऊ. हे आकडे ताईला तोंडपाठ होते, कारण सूट तिनेच बनवला होता आणि आत जाणारा माणूस तिचा धाकटा भाऊ होता. सव्वासहा फूट उंची, अंगावर मांस नावालाच. शाळेपासून सगळे त्याला बांबू म्हणत. त्या उंचीचा घरात कुणाला काही उपयोग नव्हता. माळ्यावरचे डबे काढायला तेवढी हाक यायची. मग सतरा वर्षांपूर्वी एका दिग्दर्शकाला अंतराळयानाच्या पाण्याच्या टाकीत वाढलेला प्राणी हवा होता, आणि बांबूचं नशीब उघडलं.

सिनेमात त्या प्राण्याला नाव नव्हतं. तो येण्याआधी छतावरून थेंब पडत, म्हणून चाहत्यांनीच त्याला निथळ्या म्हणायला सुरुवात केली. पाच सिनेमे झाले आणि पाचही सिनेमांत निथळ्या अख्खा कधीच दिसला नाही. जुन्या दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचा नियम साधा होता: खांदा दाखवा, नाहीतर हात दाखवा, नाहीतर पाठ. सगळं एकदम दाखवलं की तो प्राणी राहत नाही, सूट घातलेला माणूस होतो. शेपटी तर कायम यानाच्या बोळाच्या वळणामागे गेलेली असायची. तिचं टोक कुठे असेल यावर चाहत्यांनी लांबलचक लेख लिहिले होते. कुणी म्हणे तिथे दुसरं तोंड आहे, कुणी म्हणे तिथे अंडी आहेत.

तिथे ताई होती. गुडघ्यांना पट्टे बांधून, पोत्यावर पालथी पडलेली.

शेपटीच्या आत नायलॉनची दोरी होती, बांबूच्या कमरपट्ट्यापासून थेट ताईच्या मनगटापर्यंत. सूटमध्ये ऐकू येत नसे, बोललेलं बाहेर पोचत नसे, डोळ्यांच्या जागी मानेत दोन फटी. म्हणून दर दहा मोजले की बांबू कमरेने दोरीला एक झटका द्यायचा. एक म्हणजे मी आहे. तीन म्हणजे काढ मला. सतरा वर्षांत तीन झटके दोनदाच आले होते, आणि दोन्ही वेळा तिने कुणाला न विचारता पाठीवरची चेन उघडली होती. मास्तरांनी कधी चकार शब्द काढला नाही.

मास्तर गेले. मग कुणाच्या तरी डोक्यातून 'निथळ्या विरुद्ध खिळ्या' निघालं.

खिळ्या दुसऱ्याच सिनेमांतला. चंद्रावरच्या खाणीत मजुरांना टिपणारा, अंगभर लोखंडाचे खिळे असलेला. त्याची तऱ्हा उलटी होती: लख्ख उजेड, उडणारी धूळ, लपायला जागा नाही, समोरून चालत येणारा तो. त्याचेही चाहते जिवाला जीव देणारे. खिळ्याच्या सूटमधल्या माणसाला पैलवान म्हणत. तोही भला माणूस होता. पहिल्याच दिवशी बांबूला म्हणाला, "दादा, तुमचा दुसरा भाग बघून मी आठ दिवस नळाखाली तोंड धुतलं नाही. मग्यात पाणी घ्यायचो."

नवे दिग्दर्शक जाहिरातींतून आले होते. हसतमुख, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून नावानिशी ओळखणारे. त्यांनी सेट पाहिला, सूट पाहिला आणि ताईला म्हणाले, "ताई, लोक सतरा वर्षं थांबलेत. आता त्यांना अख्खा निथळ्या द्यायचा. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत. एकाच फ्रेममध्ये."

"मग मी कुठे पडू?"

त्यांना प्रश्न कळला नाही. ताईने दोरीचं सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं, सुरक्षेसाठी नेमलेल्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, बांबूने दोन्ही हात वर करून फुली केली की काम थांबेल, बस्स. कागदावर सही झाली. ताईला चाळीस माणसांच्या मागे, मॉनिटरपाशी खुर्ची मिळाली. सतरा वर्षांत पहिल्यांदा ती सेटवर खुर्चीत बसली, आणि मनगटाला काहीच बांधलेलं नाही म्हणून ते सारखं चोळत राहिली.

मारामारी खाणीत होती, म्हणजे खिळ्याच्या उजेडात. भल्यामोठ्या दिव्यांखाली निथळ्याच्या अंगावर ओलेपणासाठी फासलेलं बुळबुळीत रसायन सुकून पांढरं पडू लागलं. दोन पोरी ब्रश घेऊन परत परत ते लावत होत्या. ताईला तो सूट असा उघड्यावर पाहवेना. काखेतली शिवण दिसत होती. गुडघ्यामागची घडी दिसत होती. तो अंधाऱ्या बोळात तीन मिनिटं उभं राहण्यासाठी शिवलेला होता, आणि आता त्याला आठ मिनिटं कुस्ती खेळायची होती.

तिसऱ्या टेकला खिळ्याचा हात निथळ्याच्या डोक्याला लागला. ठरल्यापेक्षा जरा जोरात, बाकी काही नाही. मग ठरल्याप्रमाणे निथळ्या आडवा झाला आणि पैलवान त्याच्या छातीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून.

ताई मॉनिटरकडे बघत होती. डोक्यात हवेचे दोन छोटे पंखे होते. ते चालू असले की कवटीवरची पातळ कातडी किंचित थरथरे. चाहत्यांना तो श्वास वाटायचा. आत्ता ती थरथरत नव्हती.

तिने पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "पंखे बंद पडलेत."

"शू! टेक चालू आहे."

पडद्यावर खाणीची सगळी जमीन दिसत होती, आणि जमिनीवर पसरलेली चार मीटर शेपटी. तिचं टोक हललं. आत ओढलं गेलं आणि सैल झालं. परत ओढलं गेलं. परत.

तीन.

दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. झटके धुळीत जात होते.

"वा," दिग्दर्शक पुटपुटले. "शेपटी बघा, शेपटी!"

मग निथळ्याने मान फिरवली. पाच सिनेमांत त्याने कधी कॅमेऱ्याकडे पाहिलं नव्हतं. त्याला डोळेच नव्हते. आता ते बिनडोळ्यांचं डोकं हळूहळू खिळ्याकडून वळलं, कॅमेऱ्यापाशी क्षणभर थांबलं आणि त्याच्या मागे अंधारात काहीतरी शोधू लागलं. ताईला ठाऊक होतं तो काय शोधतोय. चाळीस माणसं श्वास रोखून बघत होती, सगळ्यांचे चेहरे आनंदाने फुललेले, आणि तिचा भाऊ त्यांच्यासमोर गुदमरत होता.

ती धावली. खुर्ची पडली, कुणीतरी ओरडलं, दिव्यांच्या उजेडात तिला पुढचं दिसेना. पैलवानाला तिने दोन्ही हातांनी ढकललं. तो बिचारा काय झालं ते न कळून बाजूला लोळला. चेनवर डिंकाने चिकटवलेली कातडी होती. नऊ मिनिटं. तिने कमरेची कात्री काढली आणि सूट मानेपासून कंबरेपर्यंत उभा फाडला.

बांबूचे ओठ जांभळे झाले होते. पाणी दिलं, ते सांडलं. मग तो म्हणाला, "तू नव्हतीस तिथे."

"आले ना रे."

"मी ओढत होतो, आणि दोरी येतच राहिली. हलकी. नुसती येतच राहिली."

दिग्दर्शकांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी स्वतः गाडी दिली, डॉक्टर आणला, दोन दिवस काम थांबवलं. पुढची मारामारी दुसऱ्या तऱ्हेने, तुकड्या-तुकड्यांत पुरी झाली. ताईने सूट परत शिवला आणि काम संपताच घरी नेला.

सिनेमा लागण्याआधी चाहत्यांसाठी दुपारचा खास खेळ ठेवला होता. दोघांनाही बोलावणं होतं. बांबूचा चेहरा कुणालाच माहीत नव्हता, त्यामुळे ती दोघं मागच्या रांगेत कुणाच्या नजरेत न येता बसली. थिएटर गच्च भरलेलं. पोरापोरींच्या अंगावर निथळ्याचे शर्ट, खिळ्याचे शर्ट. एकाने तर डोक्याला पुठ्ठ्याचे खिळे लावलेले. नावं पडद्यावर आली तेव्हा टाळ्यांनी कान बसले.

पाऊण तासात टाळ्या आटल्या. निथळ्या पहिल्यांदा अख्खा उजेडात आला तेव्हा टाळ्या पडल्या खऱ्या, पण त्या संपता संपता कुणीतरी हसलं. तो पळत होता, आणि पळताना त्याचे गुडघे माणसासारखे वाकत होते. मग खिळ्याने त्याला भिंतीवर आपटलं, त्याने खिळ्याला आपटलं. परत याने, परत त्याने. समोरच्या रांगेत कुणी मोबाइल काढला. शेजारी कुणीतरी कुजबुजलं, "आमच्या घरी भाडेकरू असेच भांडतात." खसखस पिकली.

ताईला वाईट वाटलं नाही. ती मोजत होती. तो शॉट त्यांनी ठेवलाय हे तिला ठाऊक होतं. परवानगीच्या कागदावर बांबूनेच सही केली होती.

खिळ्या छातीवर बसला. शेपटी तीनदा हलली. निथळ्याने मान वळवली.

हसू थांबलं. मोबाइलचा उजेड विझला. चारशे माणसांच्या थिएटरात कुणी हललं नाही. ते डोकं सगळ्यांवरून फिरत मागच्या रांगेपर्यंत आलं. ताईला वाटलं, आत्ताच सगळं घडतंय. तिने अंधारात शेजारी हात नेला.

खुर्ची रिकामी होती.

ती कशी बाहेर आली, किती जणांचे पाय तुडवले, तिला सांगता आलं नसतं. प्रसाधनगृहात तो नव्हता. पाणी प्यायच्या जागी नव्हता. जिन्याच्या वळणावर खिडकी उघडी होती, आणि तिच्याखाली पायरीवर, लांब तंगड्या दुमडून, बांबू बसला होता. तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता.

"सांगून जायचं होतंस," ती म्हणाली. तीही शेजारी बसली.

"आत हवा नव्हती."

वरून दोन पोरी उतरल्या. एकीच्या पिशवीवर हाताने रंगवलेला निथळ्या होता, अर्थात फक्त खांदा. दोघी तणतणत होत्या.

"पहिल्या भागात तो अकरा मिनिटं दिसतो. मी मोजलीत. अकरा! आणि मी वर्षभर दिवा लावून झोपले."

"इथे तर तासभर दिसतोय की."

"तेच म्हणते मी. दोघं एकमेकांत गुंतलेले. आपल्याकडे कुणाचं लक्षच नाही. मग घाबरायचं कशाला?" ती थांबली. "एकदाच बघितलं त्याने आपल्याकडे. तेव्हा मात्र... मला वाटलं, उठून त्याला सोडवावं."

बांबूने मान खाली घातली. पोरी त्याच्या तंगड्या ओलांडून, "सॉरी हं काका," म्हणत खाली गेल्या.

पाठोपाठ दिग्दर्शक आले, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत. "इथे आहात होय! ऐकलंत? सगळं थिएटर चिडीचूप! बाकीचं जमलं नसेल, मान्य. पण ती मान! पुढच्या भागाचा शेवट तिच्यावरच करायचा. बांबू, परत जमेल ना तसंच?"

"तसंच जमायला तो परत तसाच मरायला हवा," ताई म्हणाली.

"अहो ताई, तसं नाही. आता आपण सगळी काळजी घेऊ."

बांबू उठला. दिग्दर्शकांना मान वर करावी लागली. "येईन मी. पण शेपटी फ्रेमबाहेर. टोकाला ही."

"अरे, पुढच्या पोस्टरवर अख्खा छापून झालायस तू!"

"मग पोस्टरलाच घाला सूट," ताई म्हणाली.

ते हसले. मग हसायचे थांबले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रागावू नका, पण उंच माणसं काय, मिळतात."

ताईला तो दुसरा उंच माणूस दिसला, कुणाचा तरी भाऊ, उजेडात आडवा पडलेला, धुळीत झटके देणारा.

"मिळतील ना," ती म्हणाली. "सूट माझ्या घरी आहे, सर. आणि कात्रीसुद्धा. शेपटी फ्रेमबाहेर जाणार नसेल तर आज संध्याकाळी त्याचे तुकडे होतील. नवा शिवणारी शोधा."

दिग्दर्शकांनी तिच्याकडे पाहिलं, मग बांबूकडे. आतून परत हसण्याचा आवाज आला. खिळ्याने बहुतेक पुन्हा कुणालातरी भिंतीवर आपटलं होतं. ते दाराकडे बघत राहिले. "विचारतो वरच्यांना," शेवटी ते म्हणाले, आणि आत गेले नाहीत. तिथेच रेलिंगला टेकून उभे राहिले.

ती दोघं रस्त्यावर आली. दुपारची वेळ, चिकार गर्दी, दुकानं उघडी. बांबूने तिच्या पर्सचा लांब पट्टा मुठीत धरला होता; लहानपणी बाजारात धरायचा तसा. पट्ट्याला एक झटका बसला.

तो शेजारीच होता, तिला दिसत होता, गर्दीच्या वर त्याचं डोकं स्वच्छ उन्हात होतं. तरी ती मनात मोजू लागली. आठ. नऊ. दहा.

अकरा.

तिने चालता चालता पट्टा घट्ट पकडला. बारा. तेराला झटका आला.