पाण्याच्या वेढ्यातल्या गाई

हॉलंडच्या सखल भूमीवर शरदाची सांज उतरत होती. मंद, मधुवर्णी, मेघभारित सांज. आकाश एवढे अफाट की पवनचक्क्या आणि चर्चचा मनोरा त्याच्या पायथ्याशी खुजे झालेले. नदीच्या मधोमध हिरवे बेट; बेटावर लीसबेतच्या तीन गाई. एक तांबूस, एक काळीभोर, एक दुग्धधवल.

काठावर तिचा नवरा वाउटर त्यांचे चित्र रंगवीत होता.

सकाळीच लीसबेत म्हणाली होती, "पाणी गढूळ झालंय. वरच्या अंगाला पाऊस असणार. गाई अलीकडे आणते."

"आजचा दिवस राहू दे गं. त्यांच्या पाठीवरचा उजेड मला अजून गवसला नाही."

ती थांबली. दुपारी तो उजेड गवसला. गाईंच्या पाठींवरून ओघळणारा, सोनसळी, क्षणभंगुर. तो रंगवीत राहिला. आणि नदी चढत राहिली, निःशब्द, बोटाबोटाने.

आता बेटाची कड बुडाली होती. लीसबेतने होडी सोडली.

"मी येतो!"

"तुला वल्हं धरता येत नाही. इथेच उभा राहा आणि हाका मारत राहा. धुकं उतरतंय, त्यात काठ दिसणार नाही मला."

धुके आले. श्वेत, शीतल, सर्वग्रासी. त्याने होडी गिळली, बेट गिळले, मनोरा गिळला.

"लीसबेत! लीसबेत!"

गाईंना हाक मारावी, तर महिनाभर रंगवूनही एकीचेही नाव त्याला ठाऊक नव्हते. दूर एक हंबरडा उठला. मग दुसरा. मग केवळ पाणी. पाण्यावर पाणी आदळल्याचा आवाज.

आणि धुक्यातून होडी आली. रिकामी. पालथी.

तो पाण्यात शिरला. गुडघाभर, कमरभर, छातीभर. मागे चित्रफलक लाटेत आडवा झाला; त्याने वळून पाहिले नाही. घसा फाटला, तरी एकच नाव तो अंधूक शुभ्रतेवर फेकत राहिला.

शिंगे दिसली. तांबूस गाय फुरफुरत काठाला लागली, तिच्यामागे काळी. किती वेळ गेला! मग पांढरी, आणि तिच्या मानेला कवटाळलेले दोन निळसर हात.

त्याने दोघींना ओढून गवतावर आणले.

"लीसबेत, माझ्यामुळे..."

"आत्ता नको." तिचे दात वाजत होते. "आधी तिला पूस. गाभण आहे ती."

त्याला हेही ठाऊक नव्हते. अंगरखा काढून तो त्या ओल्या, थरथरत्या पाठीवर घासू लागला. पाठीवरून पोटावर, पुन्हा पुन्हा. अकस्मात त्याचा हात थबकला.

गारठलेल्या तळव्याखाली, त्या शुभ्र कुशीच्या आत, काहीतरी हलले. थांबले. आणि हळूच, अगदी हळूच, पुन्हा एकदा हलले.