सुमतीबाई मूठ धरतात

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. पण माझ्यात कुणी बसत नाही. माझे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फूट भरतात आणि नाकावरचं इंजिन तुमच्या ओंजळीत मावेल. इंजिन लहान असलं तरी खरंखुरं आहे. ते इंधन पितं, धूर सोडतं आणि मैदानावरची कुत्री पळून जातील एवढा आवाज करतं.

मला रिमोट नाही. माझ्या डाव्या पंखातून पन्नास फूट लांबीच्या दोन बारीक पोलादी तारा निघतात. त्यांच्या दुसऱ्या टोकाला एक मूठ असते. ती मूठ धरून एक माणूस मैदानाच्या मधोमध उभा राहतो आणि मी त्याच्याभोवती गोल उडतो. त्याने मनगट वर झुकवलं की मी वर जातो, खाली झुकवलं की खाली येतो. मी फिरतो तसं त्यालाही जागच्या जागी फिरावं लागतं. माझ्या आयुष्यात पुढे जे घडलं, ते या फिरण्यामुळेच.

माझा जन्म डोंबिवलीतला, जेवणाच्या टेबलावरचा. भाऊ परचुरे ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझा आराखडा काढला. बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या आणून त्यांनी ब्लेडने माझ्या फासळ्या कापल्या. एकेक फासळी उजेडात धरून बघायचे, घासायचे, पुन्हा बघायचे. चार महिने त्या घरात ताटं मांडीवर घेऊन जेवणं झाली.

भाऊंच्या पत्नी सुमतीबाई शाळेत शिवण शिकवायच्या. माझ्या पंखांवर कापड चढवताना भाऊंच्या हाताखाली सारख्या सुरकुत्या पडत होत्या. सुमतीबाईंनी थोडा वेळ ते पाहिलं आणि म्हणाल्या, "कापड सरळ काय ओढताय? तिरकं ओढा." मग त्यांनीच आपल्या एका जुन्या लाल रेशमी साडीतून माझे पंख मढवले. आजही त्या पंखांवर एक सुरकुती सापडायची नाही.

दर रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने एका शाळेच्या मैदानावर जायचो. मूठ भाऊंच्या हातात असे. सुमतीबाई मला कडेला धरून ठेवत आणि भाऊंनी मान हलवली की सोडून देत. सात वर्षं असंच चाललं. बघणारी मुलं टाळ्या वाजवत. उडून झालं की भाऊ टाकीतलं उरलेलं इंधन काढून टाकत, मला पुसत आणि इंजिनात तेलाचे चार थेंब सोडत. त्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत.

मग एका हिवाळ्यातल्या सकाळी, मी दहा-बारा फेऱ्या घेतल्यावर, मला जोडलेल्या तारा कधी सैल, कधी ताठ होऊ लागल्या. मी उगाचच खाली गेलो, उगाचच वर आलो.

"सुमती," भाऊ ओरडले, "सगळं फिरतंय. मला उभं राहवत नाहीये."

मूठ सुटली असती तर मी सरळ जाऊन कुठेही आदळलो असतो. कडेला मुलं उभी होती. सुमतीबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. वर्गात बोलत तशा स्पष्ट आवाजात त्या म्हणाल्या, "विमान वर घ्या. मी तारांखालून येते."

भाऊंनी मला कसंबसं वर घेतलं. सुमतीबाई वाकून आत धावल्या, त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. दोन फेऱ्या दोघं एकत्र फिरले.

"सोडा आता."

"अजून तीन मिनिटांचं इंधन आहे."

"असू दे. मनगट कसं ठेवू, तेवढं सांगा."

"सरळ. काही करू नकोस. फक्त त्याच्याकडे बघ."

भाऊ तिथेच त्यांच्या पायाशी डोळे मिटून बसले. सुमतीबाईंनी त्याआधी कधी मूठ धरली नव्हती. पण कापड ताणावं तशा त्यांनी तारा ताणून धरल्या. ती तीन मिनिटं मी जितका स्थिर उडालो तितका क्वचितच उडालो असेन. इंजिन थांबल्यावर भाऊ खालूनच सांगत गेले आणि मी उतरलो. एक चाक वाकलं, नाकावरच्या पंख्याचं एक पातं मोडलं, बाकी काही झालं नाही.

मैदान झाडणाऱ्या ठमाबाई पाणी घेऊन आल्या. "काकू, तुमी तर बराबर चालवलाव," त्या म्हणाल्या. मग भाऊंकडे वळल्या, "आता काकूच चालवतील. तुमी सावलीत बसा."

त्या मायेनेच बोलल्या होत्या. भाऊ मात्र सावलीत न बसता थेट रिक्षात जाऊन बसले.

ठाण्यात वर्तकनगरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानातला तोल बिघडलाय, जिवाला धोका नाही, पण गोल फिरायचं नाही. त्या संध्याकाळी भाऊंनी मोडकं पातं काढून नवं लावलं, चाक सरळ केलं आणि मला माळ्यावर ठेवलं. टाकीच्या तळाशी उरलेलं इंधन काढलं नाही. तेलाचे थेंबही सोडले नाहीत.

माळ्यावर मी दोन वर्षं पडून होतो. आमच्या इंधनात एरंडेल असतं. ते सुकलं की डिंकासारखं चिकटतं. माझं इंजिन आतून घट्ट बसलं. एका उंदराने माझी शेपटी कुरतडली. खालून अधूनमधून आवाज यायचा.

"रविवारी मैदानावर जाऊ या का?"

"कुणाला उडवायचंय?"

"मला."

त्यावर वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज यायचा.

शेवटी एका दुपारी सुमतीबाईंनीच मला खाली काढलं. पंखा फिरेना, म्हणून त्यांनी पकड आणली.

"पकड लावू नकोस," भाऊ आतल्या खोलीतून म्हणाले. "पातं मोडेल."

"मग काय करू?"

"ठेवून दे."

"ठेवू का, असं विचारलेलं नाही मी."

त्यांनी पुन्हा पकड उचलली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊ बाहेर आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तेल तापव. जुन्या पातेल्यात."

त्यांनी इंजिन सोडवून कोमट तेलात ठेवलं. बऱ्याच वेळाने आतला दट्ट्या केसभर हलला. भाऊ तो हळूहळू मागे-पुढे करत राहिले आणि मान वर न करता बोलले, "त्या दिवशी तू मूठ घेतलीस, तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्याचीच लाज वाटली."

सुमतीबाई शेपटीसाठी रेशीम कापत होत्या. "मला वाटलं होतं, तुम्ही मला शिकवाल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं वाट बघितली मी."

इंजिन कोरडं पुसून भाऊंनी ते सुमतीबाईंच्या हातात दिलं आणि कुठला स्क्रू आधी लावायचा ते दाखवलं.

आता रविवारी कडेला मला भाऊ धरतात. सुमतीबाई मधोमध उभ्या असतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोनदा गवतात घातलं. भाऊ हसले नाहीत. चिखल पुसून त्यांनी पुन्हा इंजिन चालू केलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं यंत्र, सायकल, पेटी अशी माळ्यावर पडली असेल. वापरून झाल्यावर तिला पाच मिनिटं देत जा. पुसा, तेल घाला, मगच ठेवा. आणि रागात असताना कुठलीही वस्तू माळ्यावर टाकू नका, कारण ती ठेवणाऱ्याचंही काहीतरी आत घट्ट बसून जातं. बसलंच, तर पकड लावू नका. थोडी ऊब द्या आणि थांबा.

सुमतीबाईंना आता मला आकाशात कोलांटी मारायला लावायची आहे. भाऊ म्हणतात, घाई नको, आणखी चार रविवार जाऊ देत. माझं लाकूड जुनं झालंय, मला थोडी घाई आहे. पण त्या दोघांनी मिळून ठरवलेला रविवार मला चालेल.