ओदीलचे हात

ग्रेगवार तिएबोने आयुष्यभर बाह्या रंगवल्या. पॅरिसातल्या एका नामांकित चित्रकाराच्या पदरी तो होता. मालक चेहरा रंगवायचे. चेहरा झाला की चित्र तिएबोच्या पुढ्यात यायचं. मग सरदारणींचं रेशीम, मनगटावरची तिपदरी लेस आणि त्या लेसमधून उमललेले गोरे, निमुळते हात, हे सगळं त्याचं काम. कोपऱ्यात सही मालकांची. अशी एकतीस वर्षं गेली. गवंडी देऊळ बांधतो आणि आत नांदतो देव, म्हणून काही गवंडी रुसून बसत नाही. तिएबोही कधी रुसला नाही.

त्याची बायको ओदील धोबीण. नव्या पुलाखाली नदीत धुण्याच्या नावा बांधलेल्या असतात, त्यांतल्या एकीवर ती जायची. तो मोठ्या घरच्या लेस रंगवायचा, ही त्याच लेस राखेच्या पाण्यात बुडवून धोपटायची. दोघांच्या घरात मात्र लेसचा एक तुकडा म्हणून नव्हता. "एक दिवस तुझं चित्र काढणार बघ," तो म्हणायचा. "आधी त्या बायांच्या बाह्या संपू देत," ती हसून म्हणायची.

बाह्या संपल्या नाहीत. ओदीलच संपली. अकरा वर्षांपूर्वी हिवाळ्यात छातीत कफ धरला आणि आठ दिवसांत गेली. पुढे तिएबोची नजर मंदावली, लेसच्या जाळीची भोकं त्याला दिसेनाशी झाली, आणि मालकांनी त्याला गोड शब्दांत घरी बसवलं.

आता घर म्हणजे माळ्यावरची एक खोली. बोलायला कोणी नाही. रविवारी प्रार्थनेला जायचं, मागच्या खांबाशी उभं राहून स्तोत्रं ऐकायची, त्यांतलं एखादं कडवं गुणगुणत जिने चढायचे आणि दार लावून घ्यायचं. लावायचं तरी कशाला? येणार कोण होतं?

यंदाच्या वसंतात मात्र त्याने मनाशी गाठ मारली. पवित्र भाकरीच्या सणाला दोफीन चौकातून मिरवणूक जाते. त्या दिवशी चौकातल्या प्रत्येक घराने भिंतीवर गालिचे आणि जाजमं सोडायची असा दंडक आहे. त्या जाजमांवर नवशिके चित्रकार आपापली चित्रं टांगतात. सकाळपासून दुपारपर्यंत, एवढाच वेळ. ना परवानगी लागते ना कुणाची शिफारस. तिथे एकदा, आपल्या सहीनिशी, ओदीलला चार माणसांत बसवायची. बस्स, एवढं झालं की डोळे मिटायला मोकळा.

चेहरा त्याने सहा वेळा काढला. सहाही वेळा ती कुठली तरी सरदारीण झाली. गाल गुलाबी, ओठांवर मालकांचं ते ठरलेलं हसू. प्रत्येक वेळी तो खरवडून काढी आणि खिडकीशी जाऊन उभा राही. शेवटी त्याने तिला जराशी तिरकी, पाठमोरीच बसवली. टबावर वाकलेली, टोपीच्या कडेने चेहरा झाकलेला. पुढे दिसत होते ते फक्त हात.

सणाला चार दिवस उरले असताना खालच्या मजल्यावरची अंडीवाली पेरपेत्यूबाई कधी नव्हे ती वर आली. ओदीलची ती जुनी मैत्रीण. जिना चढून धापा टाकत चित्रासमोर उभी राहिली.

"ही कोण हो, तिएबो?"

"ओळखा की."

"एखाद्या राणीसाहेबांना हौस आली वाटतं कपडे धुवायची."

"पेरपेत्यूबाई, ती ओदील आहे."

बाई आधी हसली, मग तिने हात कमरेवर ठेवले. "ओदील? आणि मनगटाला ही लेस? अहो, जन्मभर दुसऱ्यांची लेस बडवली तिने! आणि हे हात बघा. या हातांना माझी अंड्यांची टोपलीसुद्धा उचलवणार नाही. माझा नवरा काय म्हणायचा आठवतं? ओदीलच्या हातांपेक्षा उकडलेले खेकडे बरे!"

तिएबोने चित्राकडे पाहिलं. खरंच की. गोरे, निमुळते हात. नखं शिंपल्यासारखी. लेस तर त्याने कधी रंगवली तेही त्याला आठवेना. एकतीस वर्षांची सवय त्याच्या बोटांत शिरून बसली होती, आणि त्याचं लक्ष नसताना तिने आपलं काम उरकलं होतं.

"तुम्ही रागावलात का?" बाई हळूच म्हणाली.

"नाही हो. बरं झालं आलात."

बाई गेल्यावर तो स्टुलावर बसून राहिला. हात आठवू लागला. आठवेनात. चेहरा गेला होता तो गेलाच, आता हातही? बावीस वर्षांचा संसार, आणि डोळ्यांपुढे काहीच कसं उभं राहत नाही? तिला चौकात बसवायची म्हणतोस, अन् मुळात तुला ती आठवते तरी का रे, तिएबो? देवापुढे हात जोडावेत तर मागायचं काय, तेही सुचेना.

मग सवयीने त्याने पाठ भिंतीला टेकवली. भिंतीचा गिलावा उखडलेला, खरबरीत. आणि एकदम त्याच्या पाठीला ओदील आठवली! थंडीत ती त्याची पाठ चोळायची. तळवे असे खरखरीत, की तो ओरडायचा, "अगं, साल काढतेस का!" डाव्या अंगठ्याला उभी चीर होती, ती मणक्यावरून जाताना बोचायची. उजवी करंगळी धोपटण्याखाली सापडून वाकडी झालेली. ती कधी टेकायचीच नाही, नेहमी वरच राहायची. डोळ्यांना जे राहिलं नाही, ते पाठीने जपून ठेवलं होतं. देवाघरच्या कोठारात काय कुठे ठेवलेलं असतं, आपल्याला काय ठाऊक?

त्याने लेसचे बारीक कुंचले बाजूला सारले. झिजलेला, राठ केसांचा एक कुंचला घेतला आणि डोळे मिटत, उघडत, परत मिटत तीन दिवस काम केलं. लेस गेली. हात लाल झाले, सुजले, भेगाळले. करंगळी वर राहिली. कोपऱ्यात त्याने स्वतःची सही केली. चौथ्या दिवशी सकाळी रंग ओलाच होता. तसंच चित्र उचलून तो चौकात गेला.

"आजोबा," शेजारी चित्र टांगणारा एक पोरगेला चित्रकार म्हणाला, "ही जागा तरुणांची. नातवाचं काम घेऊन आलात का?"

"माझंच आहे रे बाबा. ही माझी बायको."

"मग पाठ फिरवून का बसलीय? रुसली?"

"रुसलीच असेल. फार थांबवलं तिला."

पोरं हसली. तिएबोही थोडा हसला. मग लोक आले, फुलांच्या चित्रांपुढे थांबले, कुत्र्याच्या पिल्लापुढे थांबले. ओदीलपुढे कोणी थांबलं नाही. टोपी काढून हातात धरून तो तिच्याशेजारी उभा राहिला, जसा लग्नात उभा होता तसा.

घंटा वाजल्या. छत्राखालून पाद्री आले, हातात सोन्याच्या प्रभावळीतली पवित्र भाकर. स्तोत्राचा सूर चौकात भरला आणि सगळा चौक गुडघ्यांवर टेकला. तिएबोही टेकला. गाणं पुढे गेलं, लोक मागोमाग पांगले. पोरं चित्रं उतरवू लागली.

एक म्हातारी मात्र उठायची राहिली होती. जाजमाचा आधार घेत ती उठली, आणि उठता उठता तिची नजर चित्रावर अडकली. ती जवळ आली. तिचे स्वतःचे हात एप्रनमध्ये गुंडाळलेले होते.

"ही कुठल्या नावेवरची?" तिने विचारलं.

तिएबो एक पाऊल पुढे आला. "नव्या पुलाखालच्या."

"तरीच. तिथे राखेचं पाणी फार कडक करतात मेले. अंगठा बघा कसा फाटलाय पोरीचा." तिने हात बाहेर काढून चित्रातल्या भेगेवर बोट ठेवलं. बोटाला लाल रंग लागला. "अगं बाई, ओलंच आहे की!" ओशाळून तिने बोट एप्रनला पुसलं. मग जाता जाता वळली. "तिला म्हणावं, रोज संध्याकाळी डुकराची चरबी चोळ. चार दिवसांत भेग मिटेल. सांगाल ना?"

"सांगतो," तिएबो म्हणाला.

रंगाची बाजू बाहेर धरून तो पुलावरून घरी आला. चित्र भिंतीला टेकवलं. अंगठ्यावर म्हातारीच्या बोटाचा ठसा उमटला होता. कुंचला हाताशीच होता, पण त्याने तो उचलला नाही. स्टूल ओढून तो तिच्यासमोर बसला.

"चरबी चोळायला सांगितलीय," तो म्हणाला.

खाली नदीवर धोपटणी बंद होती. सणाचा दिवस होता.