गालिच्याला फुटलेलं रक्त

शाहूपुरीतल्या चौगुल्यांच्या गालिच्याला रक्त फुटलं, म्हणून सगळी गल्ली त्यांच्या हॉलमध्ये लोटली. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. गालिच्यावर पाय पडू नये म्हणून माणसं सोफ्यावर उभी होती.

मधोमध आकाराम. घरोघरी जाऊन गालिचे धुऊन द्यायचा धंदा त्यानं नुकताच काढला होता. यंत्राची सोंड छातीशी धरून तो ज्याला त्याला सांगत होता, "आईशप्पत, मी निस्ता साबणाचा फेस मारला की ओ! पिवळाधमक गालिचा, आन् भसकन लाल!"

दारात नवी सून प्राची उभी होती. हाताची मेंदी अजून उतरली नव्हती आणि पायाशी बॅग होती. ती तिनं भरली नव्हती. सासूबाईंनी भरली होती. खाली हातकणंगल्याला, तिच्या माहेरी जाणारी जीप घरघरत होती.

हा सगळा हुकूम ज्ञानू महाराजांचा. कपाळावर भंडाऱ्याचा बोटभर थर, हातात लिंबू. महाराजांनी ते लाल डागावर पिळलं. डाग पिवळा झाला. सोफा हादरला. आकारामनं खात्रीसाठी परत फेस मारला. परत लाल.

"बघितलासा? माझ्या धाकानं रक्त मागं जातंय, हिला बघून परत येतंय! हिला माहेरी घाला. आन् ह्यो बाधलेला गालिचा माझ्या मठात पाठवा. त्याच्यावर मी बसीन. लोकांसाठी कुणीतरी सोसायला पायजे."

गालिचा काश्मिरी होता. सोसायला बरा होता.

सासूबाई, त्रिशलाबाई, एकदम किंचाळल्या. "अगं बाई! ह्याच जागेवर माझा वृषभ हळदीला बसला होता! शूटिंगमध्ये गालिचा दिसावा म्हणून मीच पाट हितं मांडला!"

"म्हंजे नवऱ्याचंच रक्त!" महाराज गरजले.

वृषभनं स्वतःला चाचपून बघितलं. रक्त जागच्या जागी होतं. तरी त्यानं बॅग उचलली. "प्राची, थोडे दिवस जा. आईचा जीव शांत होऊ दे."

थोडे दिवस म्हणजे किती, हे तिला त्याच्या खाली गेलेल्या नजरेत दिसलं. तिनं चप्पल पायात सरकवली. एक पायरी उतरली. आणि थांबली.

"हळदीला बसला होता?"

ती परत वर आली. लग्नाआधी ती शाळेत विज्ञान शिकवायची. वर्ग गप्प करायचा आवाज अजून शिल्लक होता. "बाजूला व्हा."

आकारामच्या बादलीतला मूठभर फेस घेऊन ती महाराजांसमोर वाकली. आशीर्वादासाठी हात उचलला गेला, तेवढ्यात तिनं फेस त्यांच्या कपाळाला फासला.

महाराजांच्या नाकावरून लाल ओघळ निघाला.

"महाराजांस्नी रक्त फुटलं!" सोफ्यावरचे दोघं खाली पडले.

महाराजांनी कपाळ चोळलं, हात बघितला आणि भान विसरून लिंबू कपाळावर घासलं. कपाळ पिवळं झालं.

"इलाज तोंडपाठ आहे यांना," प्राची म्हणाली. "भंडारा म्हणजे हळद. वृषभच्या अंगाची हळद पाटाखाली सांडली, पिवळ्यात पिवळी दिसली नाही. फेसात सोडा आहे. सोड्यानं हळद लाल होते, लिंबानं परत पिवळी. पदरावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे इथल्या प्रत्येकीनं बघितलंय. म्हणून साडीला माहेरी पाठवली का कुणी?"

"व्हय की गं," मागून एक आक्का पुटपुटली. "माझी तर जरीची हुती."

महाराज चपला शोधायला लागले. त्या ढिगात सापडायला वेळ लागणार होता.

"डाग दिसला की आधी तो कशाचा ते बघा," प्राची म्हणाली. "बोट दाखवायला माणूस मग शोधा. तोवर बहुतेक गरजच उरत नाही."

वृषभ बॅग आत न्यायला वळला.

"ठेव तिथंच. ज्यांनी भरली, त्या उपसतील."

खाली जीप बंद झाली. त्रिशलाबाई लाल डागाशेजारीच मांडी घालून बसल्या आणि त्यांनी चेन उघडली.