पलीकडच्या काठाचा संदर्भ

डॉ. विश्वेश कर्णिक आमच्या खात्याचे सचिव म्हणून रुजू झाले त्या सोमवारपासून, ज्याला छापील संदर्भ नाही ते नाहीसं होऊ लागलं. पहिल्या दिवशी माझ्या टेबलाचा मधला खण गेला. खण होता तिथे गुळगुळीत लाकूड होतं. खणात माझा चष्मा होता, तोही गेला. मी जुना चष्मा लावून कामाला लागले.

कर्णिकसाहेब परदेशातल्या फार मोठ्या विद्यापीठातून थेट आमच्या डोक्यावर येऊन बसले होते. नद्यांवर त्यांची नऊ पुस्तकं होती. नदीत पाय कधी घातला नसावा, असे पाय होते त्यांचे. वर्तमानपत्रांनी लिहिलं, विद्वान माणूस आला, आता कारभार सुधारणार. सुधारणार म्हणे, डोंबल.

त्याच दुपारी मी त्यांच्याकडे साकवाची फाइल नेली. साकव म्हणजे पायी जायचा छोटा पूल, कोकणात वाडीवाडीला असतो. आंबेशेत वाडीचा साकव पुरात वाहून गेला होता आणि त्या वाडीत माझी थोरली बहीण राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता तिचं मूत्रपिंड थकलंय, दर गुरुवारी तिला नदीच्या अलीकडे दवाखान्यात आणावंच लागतं. पूर आल्यापासून चौघंजण तिला खांद्यावर घेऊन पाण्यातून आणत होते, आणि पाणी चढत होतं. फक्त एक सही हवी होती.

टिप्पणीच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणीनुसार, मान्यतेस्तव सादर.' सव्वीस वर्षं तसंच लिहीत आले. साहेबांनी पहिल्या दोन शब्दांभोवती लाल पेनाने गोल केला.

"कोणी पाहिलं?"

"मी, साहेब."

"तुमचं हे निरीक्षण कुठे प्रकाशित झालंय?"

"नाही झालं."

"मग हे तुमचं मत झालं, मेस्त्रीबाई. या नदीला दुसरा काठ आहे, याला संदर्भ जोडा."

त्यांनी दहापैकी चार गुण दिले आणि फाइल परत केली.

मंगळवारी तांडेल गेला. तांडेल आमचा शिपाई, अठरा वर्षं रोजंदारीवर, त्यामुळे त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. त्याच्या हातातला चहाचा ट्रे तेवढा राहिला, कारण ट्रेची साठा नोंदवहीत नोंद होती. ट्रे छातीच्या उंचीवर हवेत थांबला होता. उपसचिव देवस्थळींनी त्यातला कप उचलला. "चहा गार झालाय," ते म्हणाले. सगळे आपापलं सेवापुस्तक छातीशी धरून बसले होते. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि माझी स्वतःचीही, कारण माझंही सेवापुस्तक माझ्या मांडीवर होतं.

बुधवारी खोली आत आली. मंजूर नकाशात आमचा कक्ष बारा बाय दहा होता आणि आम्ही चौदाजण होतो. कोपराला कोपर लावून आम्ही टंकत राहिलो. साहेब दारातून बघून गेले. त्यांना शिस्त आवडली.

मी ताईला फोन केला.

"गो हेमा, मागचा डोंगर दिसेना झालाय," ती म्हणाली.

"धुकं असेल."

"धुकं नाय. परसातल्या फणसापर्यंत आहे, पुढे कायच नाय. सही झाली काय?"

"उद्या होईल."

"उद्या गुरुवार आहे गो."

मी ग्रंथालयात धावले. शंभर वर्षांपूर्वीचं जिल्ह्याचं गॅझेटिअर मिळालं. त्यात नदीचं नाव होतं, रुंदी होती, आणि 'दोन्ही काठ' असे दोन शब्द स्पष्ट छापलेले होते. मला रडूच आलं. मी ते पान फाइलला जोडलं आणि पळत केबिनमध्ये गेले. सव्वीस वर्षांत शेवटपर्यंत न वाचता मी एकही कागद जोडला नव्हता. तो मात्र जोडला.

साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं. "'पलीकडच्या काठावर दाट रान आहे. वस्ती नाही.' उत्तम काम, मेस्त्रीबाई." त्यांनी दहापैकी दहा दिले. "वस्ती नाही, म्हणजे साकवाची गरज नाही."

"साहेब, ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे. माझी बहीण राहते तिथे. मतदार यादीत नाव आहे तिचं."

"नाव असेल. आंबेशेत नदीच्या पलीकडे आहे, असं यादीत कुठे लिहिलंय?"

यादीत तसं लिहिलेलं नसतं. कोणी कशाला लिहील?

"तुमची बहीण नाही असं मी म्हणतच नाही," साहेब समजुतीने म्हणाले. "पण गॅझेटिअर जुनं असं तुम्हीच म्हणालात, म्हणजे काठाचा संदर्भही बाद. तिला काठ नाही, एवढंच. उद्या जाऊन बघू. क्षेत्रभेटीला माझा विरोध नाही."

हा माणूस मरावा असं मला वाटलं, आणि ते वाटल्याची लाज वाटली नाही. गुरुवारी मी त्याच्याच गाडीत, त्याच्याच शेजारी बसून गेले.

नदी मध्यापर्यंत वाहत होती. त्यापुढे पाणी नव्हतं, रानही नव्हतं, नुसतं कोरं पांढरं होतं. साहेबांनी समाधानाने मान हलवली. अलीकडच्या जांभळीला एक दोर बांधलेला होता. साकव गेल्यावर वाडीतल्या लोकांनी तो औषधं आणि दुधाच्या किटल्या सरकवायला लावला होता. दोर पाण्यावरून त्या पांढऱ्यात शिरला होता, आणि तो ताणलेला होता.

मी तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून हिसका आला.

"ताई!"

"हेमा," आतून आवाज आला. "पायाखाली काय नाय गो. ओढ."

मी टाचा रोवल्या आणि ओढू लागले. साहेब वाकून दोर न्याहाळत होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"हा दोर कुठे नोंदलेला आहे?" त्यांनी विचारलं.

मी ओढत राहिले. माझ्या तळव्यांत दोर बारीक होत चालला होता, आणि पलीकडचं वजन तेवढंच होतं.