पदराआड कोण?

गिरधरला काँग्रेसचं तिकीट मिळालं आणि जीवरामच्या अंगाचा तिळपापड झाला. गावात पेढे वाटले, तेव्हा ह्यानं आपला पेढा बैलापुढे टाकला.

व्हर्नाक्युलर फायनलला जीवराम केंद्रात पहिला आला होता. गिरधर दोनदा नापास. गिरधरची भाषणंसुद्धा हाच लिहून द्यायचा. तीस सालच्या जंगल सत्याग्रहात दोघांनी एकाच कुऱ्हाडीनं सागाची फांदी तोडली आणि दोघे मिळूनच धुळ्याच्या तुरुंगात गेले. चौथ्या दिवशी जीवरामनं माफीचा कागद लिहिला, तोही सुवाच्य अक्षरात. गिरधर वर्ष काढून आला आणि गिरधरभाऊ झाला. हा आपला जीवरामच राहिला. दोष कोणाचा? जीवरामच्या मते अर्थातच गिरधरचा.

सदतीस सालच्या मतदानाला आलेल्या सरकारी साहेबानं गावच्या शाळेत टेबल मांडलं आणि मतदार ओळखायला जीवरामला शेजारी बसवलं. लिहिता-वाचता आणि घरोघरची माणसं ठाऊक असलेला तोच एक. पुरुष मत देऊन गेले, मग बायका आल्या. त्या वर्षी काही बायकांनाही मत होतं, पण यादीत नुसतं ‘अभिमनची बायको’, ‘झुलालची बायको’ एवढंच लिहिलेलं.

पहिली आली ताईबाई. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"नवऱ्याचं नाव सांगा," साहेब म्हणाला.

ताईबाई जमिनीकडे बघत राहिली. अभिमनचं नाव तिच्या तोंडून कसं निघणार?

"नाव कसं लेऊ साहेब? लाज वाटस," ती पुटपुटली.

साहेबानं जीवरामकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता हिला?"

आवाजावरून काय, चालीवरूनही जीवरामनं तिला ओळखलं असतं. पण बायकांची मतं एकजात गिरधरला जाणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. एकदा तरी गिरधर हरावा, एकदा तरी लोकांनी त्याला नापास म्हणावं, एवढंच जीवरामला हवं होतं.

"पदराआड कोण आहे, कसं सांगू साहेब?" तो म्हणाला.

ताईबाई परत गेली. सुंदरबाई परत गेली. एकीमागून एक नऊ बायका शाळेच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि जीवरामला बऱ्याच वर्षांनी बरं वाटलं.

दहावी आली. हातातला गिलटाचा पाटला त्यानंच पारोळ्याच्या बाजारातून आणलेला.

"नवऱ्याचं नाव?"

तिनं पदराआडूनच जीवरामकडे मान वळवली.

"हिला तरी ओळखता का?"

हो म्हणावं, तर आधीच्या नऊ जणी कशा ओळखू आल्या नाहीत? जीवरामनं यादीत डोकं घातलं. "पदराआड... कसं सांगू साहेब?"

कुंदाबाईनं पदर मागे सारला.

"मना मालकनं नाव जीवराम," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "तुमना शेजारमा बठेल शे, तोच. लिखी ल्या."

साहेबाच्या हातातली पेन्सिल थांबली. कुंदाबाईनं दाराकडे वळून हाका मारल्या. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कसली आडकाठी?

"हाई ताईबाई, अभिमननी बायको. हाई सुंदरबाई, झुलालनी. या वं बठ्ठ्या!"

बठ्ठ्या आल्या, नऊच्या नऊ. साहेबानं जीवरामला खुर्ची सोडायला सांगितलं आणि कुंदाबाईला टेबलापाशी उभं केलं.

गिरधर निवडून आला. मिरवणुकीत त्यानं गळ्यातला हार काढून जीवरामच्या गळ्यात घातला, तो अपमान जीवरामनं कसाबसा गिळला. पण घरी भाकरी वाढताना कुंदाबाई नेहमीसारखीच "आयकं का?" म्हणाली, आणि त्यानं ताट बाजूला सारलं. लग्नातल्या उखाण्यानंतर सतरा वर्षांत तिनं त्याचं नाव एकदाच घेतलं होतं, आणि तेही गिरधरसाठी.